ताटाची डावी बाजू

पक्षाघातानंतर अच्युतरावांच्या मेंदूने डावी बाजू टाकूनच दिली होती. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, म्हणून कुमुदिनीबाई दोन वर्षं चटणी-कोशिंबीरही उजवीकडे, भाजीशेजारीच वाढत होत्या.

आज सकाळी डॉक्टरांनी अच्युतरावांच्या कानामागे मसुराएवढी चकती बसवली. ती मेंदूला डावीकडची सतत आठवण करून देणार होती. पण लागू पडेलच, असं डॉक्टरही सांगेनात.

दुपारी कुमुदिनीबाईंनी सवयीने तसंच ताट वाढलं. अच्युतराव ताटाकडे बघत राहिले आणि एकदम कडाडले, “अगं, चटणी उजवीकडे? आणि ही अख्खी डावी बाजू रिकामी? ही काय वाढायची रीत झाली?”

कुमुदिनीबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “अहो, परत एकदा ओरडा ना.”