दोन घरांचा शब्द

शब्दकोड्यातला अकरा आडवा सकाळपासून अडला होता. “गाडीत लहान, खुर्चीत मोठे. दोन अक्षरं.” सगळ्यात छोटा शब्द म्हणून वडिलांनी आधी त्यालाच हात घातला. ओळ तोंडात घोळवली, बोटांवर काहीतरी मोजलं, नकारार्थी मान हलवली आणि पेन्सिल दुसरीकडे वळवली.

लेक समोर बसून वाटाणे सोलत होती. पोट आता टेबलाला लागायचं, म्हणून खुर्ची जरा मागे सरकवलेली. पैज तिनेच लावली होती. कोडं कुणाला न विचारता पुरं केलंत, तर ‘आमच्याकडे राहायला चला’ हा विषय ती पुन्हा काढणार नव्हती. कोड्यातलं एक घर जरी रिकामं राहिलं, तर मुकाट्याने बॅग भरायची आणि तिच्या गाडीत बसायचं. जावयाने खोली आवरून ठेवली होती. वडिलांचं मात्र एकच पालुपद होतं, तुमच्या त्या एवढ्याशा घरात मी कुठे मावणार?

कोडंही तिचंच. आखलं होतं त्यांच्याच जुन्या कागदावर, हिरव्या पट्ट्यांच्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या. त्या कागदाचा प्रिंटर कधीच भंगारात गेला, गठ्ठा तेवढा माळ्यावर उरला. वडिलांची सगळी नोकरी कचेरीतल्या संगणकाच्या खोलीत गेली होती. चपला दाराबाहेर, अंगात भर उन्हाळ्यात स्वेटर आणि समोर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्या यंत्रात अक्षराला एक बटण आणि कान्याला दुसरं. काना झाला म्हणून काय झालं, त्यालाही त्याची जागा द्यावी लागे. एकदा त्यांच्या हातून एक काना सुटला आणि गावभर पाण्याच्या बिलांवर छापून गेलं, ‘रक्कम ताबडतोब भर’. लोक भांडायला कचेरीत आले. तेव्हापासून त्यांची बोटं कान्याला कधी विसरली नाहीत.

म्हणून तर लेक फोनवरून कोडी शिकवायला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ‘पाणी’ हा शब्द चार घरांत बसवायला घेतला आणि तुझं कोडंच चुकलंय, असं वर तिला ऐकवलं. ती हसून हसून दमली. मग म्हणाली, “काना-वेलांटी वेगळी नाही मोजायची. कोड्यात अक्षर आपल्या लेकरांना कडेवर घेऊनच घरात शिरतं.”

हे त्यांना कळायचं, पण बोटांना कळायचं नाही.

शब्दांचं दुतोंडी वागणंही आता कुठे अंगवळणी पडत होतं. यंत्र कसं, सांगितलं तेवढं ऐकायचं. ही कोडी बोलायची एक आणि मनात दुसरंच. “हुबेहूब तुझी आई,” असं ते म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून रोज एक कोडं मागायला लागले होते.

आज गाडी बरी चालली होती. “तवा उलटला आणि गुडघे धरले” याला त्यांनी हवेत पंजा उलटा केला, स्वतःशीच हसले आणि ‘वात’ लिहून गुडघा चोळला. कागद भरत गेला. लेक वाटाणे सोलायची थांबून मधूनच नजर टाकत होती. तिच्या तोंडाकडे बघून मात्र काही कळत नव्हतं.

“आज तू मला एकदाही हाक मारली नाहीस,” ते मान वर न करता म्हणाले. “रागावलीस?”

“छे. पैज आहे ना.”

त्यांना काही उलगडलं नाही. ते पुन्हा कागदात शिरले. आता उरले दोनच शब्द, एकमेकांना छेदणारे. उभा चार घरांचा, “पाठीवर पडली तरी दुखत नाही.” बराच वेळ पेन्सिल हवेत राहिली. मग ती झरझर खाली उतरली. शा, बा, स, की.

आणि ते थबकले. अकरा आडव्याच्या पहिल्या घरात ‘बा’ येऊन बसला होता. अख्खा, कान्यासकट, एका घरात.

“बाबागाडी,” ते पुटपुटले. मग त्यांनी स्वतःच्या मांडीखालच्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. शेजारच्या घरात अगदी सावकाश दुसरा ‘बा’ लिहिला.

लेकीने कागद ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत तपासला. कुठे खोट नव्हती.

“जिंकलात, बाबा.” आवाज तिने हसरा ठेवला होता. “विषय बंद.” आणि टेबलावरची सालं ओंजळीत गोळा करायला लागली.

“सकाळी पहिल्या झटक्याला हेच सुचलं होतं गं,” ते म्हणाले. “मोजलं तर चार भरले. म्हटलं, दोन घरांत आपण काही मावत नाही.”

तिचे हात थांबले.

वडील उठले. खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तळवा फिरवला. वाकून वेताची वीण कुठे सैल झाली आहे ते चाचपलं, आणि एका हाताने खुर्ची उचलून तिचं वजन पाहिलं.

“ही तुझ्या गाडीत मावेल का?”