एकाच बरणीत

दिव्यावर आलेले दोन पतंग तिने दोन बरण्यांत ठेवले होते, नखाएवढे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. प्रत्येकाचा एक पाय डीएनए तपासायला दिला होता. सरांचा फोन आला. “पहिल्या बरणीतला नेहमीचाच आहे. दुसरा कुठल्याच नोंदीशी जुळत नाही. बहुतेक नवी प्रजाती. शोध तुझ्या नावावर. त्याला विषाच्या बाटलीत टाक, पोट उघडून खात्री करू.” बाटली घेऊन ती स्वयंपाकघरात धावली. ओट्यावर एकच बरणी. “आई, दुसरा कुठाय?” “त्यातच. एकेकटे तोंड पाडून बसले होते, दिले एकत्र सोडून.” तिने भिंग लावलं. दोघांनाही पाचच पाय. आणि मागच्या टोकांनी जुळून दोघे निवांत बसलेले. दोन प्रजातींची जोडी जमते? की वेगळे नव्हतेच? बाटली हातातच राहिली. आईने बरणीवर फडकं टाकलं. “आता दोघांना एकटं सोड.”