गनीच्या गाडीवरचं विमान

“गाडी खाली राह्यली पायजे अन् विमान वर गेलं पायजे,” हिंमतराव पाटील तिसऱ्यांदा सांगत होते. “समजलं काय, गनीभाई?”

अब्दुल गनी सुतारानं तोंडातली विडी काढली. आधी विमानाकडे पाहिलं, मग आपल्या अर्धवट गाडीकडे. “समजलं, पाटील. पण मालाले वाटेतच सोडून देते अशी गाडी आमच्या घराण्यात कोणी केली नाही.”

“मंग तुम्ही करा.”

विमान बिनइंजिनाचं होतं. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड, आणि पंख एवढे की धामणगाव बढ्याच्या बाजारात पसरले तर अर्ध्या दुकानांना सावली व्हावी. खामगावपर्यंत ते पेट्यांमधून आगगाडीनं आलं आणि पुढे हिंमतरावांनी पुस्तकात पाहून जोडलं. त्याला स्वतःची चाकं नव्हती. अंड्यांवर बसलेल्या बदकासारखं ते गोठ्यात पोटावर बसून होतं. त्याला माळावर न्यायला गाडी हवी. तीच गाडी जोरात ओढली की विमान तिच्यावरून उठेल, असं पुस्तक म्हणत होतं. पुस्तकात ओढायला मोटार होती. पण शंकरपटाची शर्यत मारलेल्या बैलजोडीपुढे मोटारीची काय टाप, असं पाटलांचं मत पडलं.

एवढा खटाटोप एका यादीसाठी होता. नव्या वर्षाला नागपूरहून किताबांची यादी निघे: हिंदूला रावसाहेब, मुसलमानाला खानसाहेब. बायकोचे भाऊ, जळगाव जामोदचे अर्जुनराव, गेल्या साली तिच्यात चढून रावसाहेब झाले होते. त्यांनी तलाव बांधला होता. तलावात पाणी नव्हतं, पण उद्घाटन झालं होतं. तेव्हापासून सासुरवाडीच्या पंगतीत हिंमतरावांचा पाट दारापाशी सरकला. आता जिल्ह्याचा गोरा साहेब दौऱ्यावर येणार होता. त्याच्या डोळ्यांदेखत उडायचं आणि रावसाहेब व्हायचं, की पाट आपोआप आत.

गनीनं गाडी केली आणि मन लावून केली. खामगावच्या एका कापसाच्या जिनातल्या मोडक्या लॉरीची दोन रबरी चाकं आणली. आस बाभळीचा घातला. विमानाच्या पोटाला खरचटू नये म्हणून गोणपाटात कापूस भरून गादी शिवली. शेपटीखाली सायकलचं एक चाक दिलं. विमान जागेवर राहावं म्हणून एकच खुंटी ठेवली. विमान उचललं गेलं की ती सुटणार होती.

ठरल्या सकाळी सगळं माळावर पोचलं. साहेब खुर्चीवर बसला. शेजारी त्याचा शिरस्तेदार छत्री धरून उभा. बायकोनं, रुखमाबाईंनी, पाटलांना ओवाळलं आणि विचारलं, “वर जाता ते ठीक. पण खाली कसं येते, ते आहे काय पुस्तकात?”

“ते दुसऱ्या भागात आहे. आला नाही अजून.”

इकडे गनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. येताना दगडधोंड्यांत विमान दोनदा कलंडलं होतं. माल नाजूक, त्यात पाटील बसलेले, आणि खुंटी एकच. कापसाची गाडी आवळतात तसे त्यानं विमान आणि गाडी मिळून दोराचे दोन वेढे दिले आणि वर गाठ मारली. निघायच्या वेळी सोडू, असं मनाशी म्हटलं. पण निघायची वेळ त्याला विचारून आली नाही. पटाच्या बैलांनी गर्दी पाहिली, त्यांना वाटलं पट लागला, आणि ते सुटले.

बैलांचा ओढीचा दोर ठरल्याप्रमाणे निसटला. बैल उजवीकडे गेले. विमान वर गेलं. गाडीही वर गेली.

रबरी चाकं आभाळात गरगर फिरत होती. आसाचं वंगण साहेबाच्या पांढऱ्या टोपावर टपकलं. तीन शेतं, एक विहीर आणि एक बाभूळ ओलांडून विमान चौथ्या शेतातल्या दगडांवर उतरलं. उघड्या पोटावर उतरतं तर पाटलांसकट चिरफाळ्या झाल्या असत्या. ते चाकांवर उतरलं, नवरीची दमणी गाडी दारी यावी तसं.

सगळे धावत पोचले. शिरस्तेदार साहेबाच्या कानाशी लागला, पण धाप लागल्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं. “उडायले दिल्लीचा परवाना लागते. यांच्यापाशी नाही. खटला होईल. अन् हे साहेबासमोर झालं.”

साहेबाचा चेहरा उतरला. त्यानं परीक्षेपुरत्या शिकलेल्या मराठीत विचारलं, “हे कोणाचे आहे?”

हिंमतराव नुकतेच खाली उतरले होते. “माहं नाही, साहेब,” ते म्हणाले. “ह्या गनीनं केलं. मी नुसता बसलो होतो.”

गनीनं पाटलांकडे पाहिलं.

“हो साहेब, माही आहे,” तो म्हणाला. “पण विमान-गिमान काही नाही. गाडी आहे. चाकं आहेत, आस आहे, बैल जुपले होते. उधळली, अन् थांबली.”

साहेब वाकला. त्यानं अंगठ्यानं रबरी चाक दाबून पाहिलं. बैलगाड्या सुधारा, असं फर्मान नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती आणि दाखवायला जिल्ह्यात काही नव्हतं. “गाडी,” साहेब म्हणाला. “गाडी,” शिरस्तेदारानं लिहिलं. पंखांपुढे त्यानं लिहिलं, ‘उन्हासाठी छत’.

नव्या वर्षाची यादी चावडीवर वाचली गेली. खानसाहेब, अब्दुल गनी, राहणार धामणगाव बढे. रबरी चाकांची सुधारित बैलगाडी केल्याबद्दल.

हिंमतरावांनी कागद हिसकून घेतला आणि आपलं नाव शोधलं. ते होतं, अगदी तळाशी, बारीक अक्षरात: गाडीच्या चाचणीत ओझे म्हणून बसल्याबद्दल हिंमतराव पाटील यांचे सरकार आभारी आहे.