दहा किलोंची वाटणी

पाथर्डीकडच्या एका गावात शहरातले सर माणसांच्या स्वभावाचा प्रयोग करायला आले. शाळेच्या खोलीत मधोमध पडदा टांगला. नियम सोपा होता. पलीकडच्या माणसानं दहा किलो साखरेची वाटणी करायची. अलीकडच्याला ती पटली तर घ्यायची. नाही म्हटलं, तर दोघांनाही काही नाही.

अलीकडं कडूबाई बसली होती. तिचा उभा जन्म ऊस तोडण्यात गेला, आणि उद्या लेकीला बघायला पाहुणे येणार तर घरात चहापुरती साखर नव्हती.

पडद्याखालून एक किलोचा एकच पुडा सरकत आला. कडूबाईनं त्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग पुडा मागं ढकलून दिला.

"न्हाई पायजे."

"अहो मावशी, फुकट मिळत होती!" सर कळवळले. "पलीकडं कोण होतं, ते ठाऊक तरी आहे का?"

"कोनबी आसंना. मुकादमाला न्हाई म्हनलं तर माजंच काम जातं, त्याचं काय जातंय? हितं माज्या न्हाईनं त्याचंबी गेलं. आसा नियम जल्मात पैल्यांदा घावला, सर. एका किलोसाठी सोडू व्हय?"

उद्या वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं, याचा विचार करत ती रिकाम्या हातानं बाहेर पडली.

सरांनी तिच्या नावापुढं कारण लिहिलं:



'नियम समजला नाही.'