तडतड

गुणवंतरावांनी अभिनवची बॅग दारात आणून ठेवली. "केंद्राची गाडी उत्तनहून निघालीय. ऊठ."

"बाबा, मी घेत नाहीये."

"पहिल्या खेपेलाही हेच म्हणाला होतास."

मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला, जेवायला-झोपायला लागला, गालांवर रंग चढला. पण मीरा रोडचं ते घर बिघडत गेलं. दिवेलागणीला जळक्या प्लॅस्टिकसारखा वास खोल्याखोल्यांतून हिंडायचा, जणू न दिसणारं कुणी मुक्कामाला आलंय. त्याची आई हंसा तर पार वाळली. डोळे टक्क उघडे, ओठ फुटलेले, बोटं काळवंडलेली. पोराच्या काळजीनं आईचा पाचोळा झाला, असं अख्खी सोसायटी म्हणे.

बिचारी आपल्या परीनं लढत होती. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन मुलावरून उतरायची.

"आल्याची, गेल्याची, वाटेवरल्या वाऱ्याची,
काळ्याची, गोऱ्याची, भरल्या घरच्या चोराची..."

मग न बोलता, मागे न बघता गॅलरीत जायची आणि दार लावून घ्यायची. आत करवंटीच्या निखाऱ्यांवर तडतड उठायची. आधी फक्त शनिवारी, मग रोज, मग दिवसातून कितीदा तरी. पुढे शेजारच्या चंपाबेनच्या नातवाची दृष्ट निघाली, वॉचमन ईश्वरची निघाली. "आंटी, मेरी नजर तो सुबह ही उतारी थी," म्हणून तो हसायचा. आत्ताही ती गुणवंतरावांवरून मुठी ओवाळून गॅलरीत गेली होती.

"त्या दोस्ताबरोबर, बंटीबरोबर पावडर ओढायचास, तेव्हा असा वास नसायचा," गुणवंतराव म्हणाले.

"हा पावडरचा नाहीच, बाबा. खड्याचा आहे. मलाही येतोय."

"म्हणजे त्यात काय फरक?"

"माल एकच, कोकेन. वाट वेगळी. पावडर नाकातून जाते, सावकाश चढते, जरा टिकते. मारते तीही. पण खड्याचा धूर करतात. तो छातीतून चुटकीसरशी डोक्यात जातो आणि तसाच खाडकन उतरतो. उतरला की माणूस अंधाऱ्या विहिरीत. मग दुसरा हवा, तिसरा हवा. पावडरला मला धरायला वर्ष लागलं. खड्यानं आठवड्यात धरलं." अभिनवचा आवाज खाली आला. "केंद्रातला माझ्या शेजारच्या खाटेवरचा साईराज असाच गेला. छाती धरली आणि संपला. पंचविशी नव्हती ओलांडली."

"एवढं ज्ञान आहे तर मग ओढतं कोण? मी ओढतो?"

अभिनवनं दारातली बॅग बाजूला सारली.

"बाबा, एक सांगायचं राहिलंय. केंद्रात नेलंत त्या दिवशी तुम्ही दार बडवत होतात. माझ्याकडे पुष्कळ माल होता, बंटीचासुद्धा. घाईत लपवला. आल्यापासून तिकडे फिरकलोही नाही. बघितला तर हात जाईल, अशी भीती वाटते. तुम्हीच फेकून द्या."

"कुठाय?"

"ओट्याखाली. खड्या मिठाच्या बरणीत. पांढऱ्यात पांढरं. स्वयंपाकाला ते मीठ कुणी घेत नाही, म्हणून..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ओट्याखालची बरणी आडवी पडली होती, चाटूनपुसून घेतल्यासारखी स्वच्छ. गुणवंतरावांनी गॅलरीचं दार ढकललं. हंसा फरशीवर बसली होती. वाफारा घ्यावा तसा तिनं डोक्यावरून पदर ओढला होता, आणि त्या पदराखाली निखाऱ्यांचं धुपाटणं होतं.

"अहो, मीठ संपलं," ती आतूनच म्हणाली. "वाण्याकडचं आणू नका. ते नुसतंच तडतडतं."