आठव्या व्हर्जनचा दिवा

कॉम्प्युटरपुढची खुर्ची पुन्हा खाली गेली होती. सकाळचं फिरून आलेल्या म्हाताऱ्यानं दांडी ओढून ती वर केली, तिला एक शिवी हासडली आणि मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेल्वेचा खेळ उघडला.

"अहो, आलं का काही?" स्वयंपाकघरातून ठेंगण्या बायकोनं विचारलं.

"आठवं व्हर्जन आलंय! इंजिनाला नवा दिवा बसवलाय पठ्ठ्यानं!"

भांडून घर सोडलेल्या मुलानं तीन वर्षांत एक फोन केला नव्हता. पण या खेळासाठी त्यानं बनवलेलं निळं इंजिन कुठले कुठले लोक आपापल्या गाड्यांना जोडत, आणि अधूनमधून त्याच्या नावावर इंजिनाचं नवं व्हर्जन येई. म्हाताऱ्याला तेवढं पुरे होतं. व्हर्जन आलं म्हणजे पोरगा जिवंत आहे. मध्ये सात महिने काहीच आलं नाही, तेव्हा त्यानं अशी हाय खाल्ली की छातीचं ऑपरेशनच करावं लागलं. दवाखान्यातून घरी आला आणि आठवड्याभरात पाचवं व्हर्जन हजर! गोळ्यांपेक्षा त्याचाच गुण आला, असं तो भेटेल त्याला सांगे.

"तूही ये की बघायला."

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय? माउस धरला की हात थरथरतो माझा."

खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या पानावर मात्र बोंबाबोंब चालली होती. आठवं व्हर्जन कुणाकडेच उघडत नव्हतं. जो तो म्हणत होता, दिव्याची फाइल सापडत नाही.

म्हाताऱ्यानं लेकाचा कैवार घेतला. एका बोटानं त्यानं टाइप केलं, "माझ्याकडे झकास उघडतंय. दिवासुद्धा लागतो. तुमचेच डबे बिघडलेत."

लगेच कुणीतरी उत्तर दिलं. "काका, दिव्याची फाइल इंजिनासोबत चढवायची राहून गेलीय. ती फक्त एकाच कॉम्प्युटरवर असणार. जिथे बसून हे व्हर्जन बनवलं, तिथे."

त्यानं ते दोनदा वाचलं. पडद्यावर निळ्या इंजिनाचा दिवा लख्ख जळत होता. त्याचा हात खुर्चीच्या दांडीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"काय म्हणतोय आपला लेक?" आतून बायकोनं विचारलं. "बरा आहे ना?"