पहिले डोळे

"आप्पा, ह्यांनाबी हात जोडायचे का?"

शिवांजलीनं विचारलं आणि खिडकीबाहेर खसखस पिकली. तिच्या वर्गातल्या महादेवी आणि मोनिका तिथं चिंचा खात उभ्या होत्या. पैज त्यांचीच. वक्तृत्वात अख्ख्या शाळेपुढं बोललीस, ढाल आणलीस, आता आप्पांपुढं एवढं विचारून दाखव, असं त्यांनी शाळेतून येतानाच बजावलं होतं.

आप्पांनी पाण्यात बुडवलेला ब्रश पाण्यातच राहिला.

पाटावर सात बाहुले ओळीनं उभे होते. बोटाएवढे, प्लास्टिकचे. अंगावर करडे गणवेश, छातीवर बिल्ले, पायात काळे बूट, सगळं कसं बारीक आणि सुबक. फक्त चेहरे कोरे. दुसऱ्या महायुद्धातले, हिटलरच्या सरकारातले बडे अधिकारी होते म्हणे. पुण्याच्या एका हौशी माणसानं ते खास बनवून घेतले होते. आप्पा महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना डोळे काढतात ते त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि कुरिअरनं बाहुले थेट आप्पांच्या गावी, तेरला धाडून दिले. सोबत ज्याचा त्याचा फोटो, मागं नाव.

घरात डोळ्यांचं काम फक्त वडलांचं, म्हणजे आप्पांचं. शिवांजलीनं मुखवट्यांचे ओठ रंगवावेत, नथ काढावी, कुंकू रेखावं. ब्रश पापणीकडं वळला की आप्पा तो हळूच काढून घेत. हात बसू दे अजून, म्हणत. हात केव्हाच बसला होता. पण हे बाहुले आले आणि आप्पा आपण होऊनच म्हणाले, ह्यांचे डोळे तू काढ, खेळणीच हायती, चुकलं तर पुसता येतंय. शिवांजलीनं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ऐकवलं होतं.

अडचण होती ती घरच्या रीतीची. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. त्याआधी हात जोडायचे आणि ज्याचे डोळे, त्यानं काय केलं ते मोठ्यानं बोलायचं. मग तो गणपती असो, महालक्ष्मी असो, नाहीतर कुणाच्या वारलेल्या आजोबांचा पुतळा. मागं एका आजोबांनी गावासाठी आड खणला होता आणि ते शर्यतीच्या गाडीवरून दोनदा पडले होते. आप्पांनी तेही बोलून दाखवलं होतं.

"हात नको जोडू," आप्पा शेवटी म्हणाले. "खेळण्याला कशाला? पण त्यानं काय केलं ते बोल. तेवढं तरी पाळावंच लागंल."

शिवांजलीनं पहिला बाहुला उचलला. फोटोतला माणूस चष्म्याचा, केस चापून बसवलेला, अगदी बँकेतल्या साहेबासारखा. तिनं आईच्या मोबाइलवर त्याची माहिती काढली, घसा साफ केला आणि ढालवाल्या आवाजात सुरू केलं. ह्या साहेबांनी लढाईच्या धामधुमीत रेल्वेगाड्यांची चोख व्यवस्था लावली. गाड्यांत माणसं कोंबलेली होती. बायका, म्हातारी माणसं, लेकरं.

ढालवाला आवाज तिथंच गेला. पुढचं तिनं साध्या आवाजात वाचलं. त्या माणसांना मारायलाच नेत होते. गाड्या परत येताना रिकाम्या येत होत्या.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनी दारात आली. लेकरंबी का, तिनं हळूच विचारलं. शिवांजलीनं मान डोलावली.

आप्पांनी ब्रश पाण्यातून काढून झटकला. मग म्हणाले, आपण शब्द दिलाय, खेळणं ते खेळणं, आण इकडं, मीच काढतो. त्यांनी बाहुला समोर ठेवला, ब्रशला टोक काढलं, ब्रश कानामागं खोचला, डोळे मिटले. आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे हात आपोआप जोडले गेले. जोडलेले हात कपाळाला लागले.

खिडकीत कुणी हसलं नाही.

आप्पांनी डोळे उघडले. आपल्याच हातांकडं पाहिलं आणि चटका बसल्यासारखे ते झटकन दूर केले.

महादेवीला जास्त वेळ गप्प बसणं जमत नाही. "काका," ती गजांतून म्हणाली, "आपल्या तेरच्या म्युझियमात आमी त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाईला हात जोडले, तर सर म्हणाले, ती खेळण्यातलीबी असंल. मग दोन हजार वर्षांनी हे सात जण पुण्यात निघाले, तर लोक म्हणतील, पुण्याची माणसं ह्यांना पुजत होती."

"आन् डोळे तेरच्या आप्पांनी काढले," मोनिकानं जोडून दिलं.

आधी आई हसली. मग आप्पांना हसू फुटलं, अगदी खांदे हलेपर्यंत. हसत हसतच त्यांनी साती जण खोक्यात भरले आणि वरून चिकटपट्टी लावली. पुणेकरांना फोन करून सांगतो, म्हणाले, कोरेच परत येतील. मग लेकीकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "तुझे डोळे मात्र ऱ्हायले, बाय."

शिवांजलीनं स्टुलावर चढून फळीवरचा थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा उतरवला. कोऱ्या डोळ्यांचा, नथ कालच रंगवलेला. तो तिनं रिकाम्या पाटावर ठेवला. समोर मांडी घातली आणि खिडकीबाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, ही दरसाल माहेरी येती, लेकरं संगं घेऊन येती, जेवती आन् घर भरून जाती.

मग तिनं आप्पांच्या कानामागचा ब्रश काढून घेतला.

"हात मी मनातल्या मनात जोडलेत. आई, आप्पा, यंदा थोरलीचे डोळे मी काढणार."